पँटीचं वरीस

वरची वाडी, आंदर मावळ
२६ जुलै २०२४

रुपे,

तू दहाव्याला आली न्हाईस. तुज्या बाजूला दरड कोसळली का कामावर सुट्टी दिली न्हाई, ते तुजं तुला ठाऊक. मी विचारत न्हाई. सख्खी भन असून आली न्हाईस येवढंच लोकांनी धरलंय.

फोन केला असता, पन रेंज पठारावर. तितं कानात वारं शिरतं, तू रडाया लागतीस, मी वराडती, अन् कामाचं ऱ्हातं. म्हून लिवती. चौथीपतूरची शाळा हाय, चुका काढत बसू नको. चिठ्ठी माऊलीच्या दुधाच्या टेम्पोत देती. त्यो कामशेतला टपालात टाकंल. तू बी माऊलीच्या नावानं धाड, त्यो आनून देतो.

काम एकच हाय. तुज्या शेटला सांग, पँटीचं वरीस भरलं म्हना म्हून. सांग, आन् ती पँट घिऊन जा.

ती तूच आनलीस. संक्रातीला पिशवीतनं काढून भुईवर ठेवलीस तर ती आपली आपन उभी ऱ्हायली, कांजीत बुडवून वाळवल्यावानी. म्हनलीस, दाजी, ही वरीसभर घाला, हिच्यावरच लाकडं तोडा, गुरं राखा, चिखलात बसा. फकस्त पानी लावू नका. वरीस भरलं की शेट परत घेनार, म्हैन्याला पैसं बी देनार. शहरातली मानसं अशी कष्टानं झिजलेली जीन हौसंनं इकत घेत्यात. मी हसले व्हते. लोकाची जुनी कापडं आपन घालतो रुपे, आपली जुनी कापडं कोन घालतंय?

पन ह्यांनी घातली. पैल्या म्हैन्यात मांड्या सोलल्या तर शिवनीला मेनबत्ती चोळायचे. वाडीतली पोरं 'नवशासायेब आले, खुर्ची द्या' म्हनायची. ह्यांना ते आवडायचं. मला म्हनायचे, मंगल, ह्या पँटीवर माजं काम दिसतं बग, हितं कोयत्याचं, हितं गुडघ्याचं. येड्यावानी दाखवायचे.

आता दहाव्याचं आयक. पिंड ठेवला अन् कावळा काय शिवंना. वर झाडावर बसून बगतोय. पाऊस वरनं, भात इरघळाया लागला. मंग भाऊकीनं एकेक बोलायला सुरवात केली, रीत हाय तशी. छकुलीला शिकवू. तुषारचं लगीन करू. मंगलला बगू. मला कोन बगनार, मी काय म्हस हाय? कावळा हाललाच न्हाई. माज्या अंगावर पानी गळतंय, पोरगं थरथरतंय, माजा जीव उबगला. मी म्हनले, "तुमच्या पँटीचं वरीस भरून देऊ, उठा आता."

अन् कावळा आला. भूक लागली आसंल त्याला. पन समद्यांनी बगितलं.

त्याच सांजंला तुषारनं खुंटीवरची पँट घातली. म्हनला, दादाचं वरीस मी भरतो. तवापास्नं काढत न्हाई. बापाच्या गुडघ्याचे डाग त्याच्या मांडीवर येत्यात, येवढा उंच झालाय त्यो, तरी काढत न्हाई. मी म्हनले, कावळ्याशी मी बोलले, तू न्हाईस, काढ. त्यो म्हनतो, शेट म्हनंल भरलं, तवा भरलं.

म्हून शेटला सांग. दुसरं काय नगं.

मंगल


लोणावळा
२ ऑगस्ट २०२४

प्रिय आक्का,

तुझी चिठ्ठी मिळाली. मी दहाव्याला येणार होते, कपडे भरून ठेवले होते. पण त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती आणि शिवणाला आम्ही तिघीच आहोत. खोली कारखान्याचीच आहे, तेव्हा नाही म्हणता येत नाही. तुला हे पटणार नाही, मला माहीत आहे.

दाजींचं अजून खरं वाटत नाही. मार्चमध्ये काढलेला त्यांचा फोटो आमच्या दुकानात गल्ल्याच्या मागे लावला आहे. पँटीला कोयता अडकवून उभे आहेत. बूट, चामड्याची पाकिटं, मेणकापडाच्या पिशव्या सगळं बघून झालं की गिऱ्हाइकं त्या फोटोपाशी थांबतात, हे काका कोण म्हणून विचारतात. मी सांगते, माझे दाजी.

सार्थक सर सध्या बंगळुरूला प्रदर्शनात आहेत. ते आले की विचारते. पण आक्का, मला वाटतं तुषारला घालू दे. बापाच्या कपड्यात पोराला आधार वाटत असेल. तू बोललीस ते वाईट बोलली नाहीस. दिलेला शब्द पुरा झाला तर दाजींना पण बरं वाटेल. संक्रांत काही लांब नाही.

एक सांगू का? रागावू नकोस. त्या दिवशी दाजींनी घेतली होती असं मला मयतीला दोघातिघांनी सांगितलं. ओढ्यात नुसत्या चड्डीवर सापडले, म्हणजे शुद्ध नसणार असं ते म्हणत होते. तसं असेल तर तू स्वतःला लावून घेऊ नकोस. दारूपुढे बाईचं काही चालत नाही. आपल्या आबांचं आपण बघितलंच आहे.

तुषारसाठी पट्टा पाठवते आहे. जाड चामड्याचा आहे, पितळी बक्कल. आमच्या दुकानात फार मागणी आहे याला. त्याला ती पँट कमरेत ढिली होत असेल.

छकुलीला पापा.

तुझी
रुपाली


वरची वाडी
१० ऑगस्ट, नागपंचमीचा दुसरा दिस

रुपे,

पट्टा पोचला. म्हशीचं दावं करायला बरा हाय. तुषारनं घातला. मी मागितला व्हता का पट्टा? मी म्हनले व्हते शेटला इचार.

दारूचं तू मला सांगू नगं. त्यो प्याला व्हता का न्हवता ह्याचं तुला काय करायचंय? लोक म्हनत्यात तर म्हनू दे. मी कुनाचं त्वांड धरलं न्हाई अन् धरनार बी न्हाई. तू आबांचं कशाला काढतीस? आबा गटारात पडले, हे वढ्यात गेले. दोन्ही येगळं.

आता तू मयतीला मागं बसलीवतीस म्हून तुला दिसलं नसंल ते सांगती. अंघोळ घालताना बापई मानसं थांबली. कमरंखाली समदं निळं. मांड्या, पोटऱ्या, गुडघ्यामागची घडी. कोन म्हनलं पान लागलं, साप डसला, कोन म्हनलं इख घेतलं. पोलिसाला बलवा म्हनाय लागले. मी पुढं झाले अन् म्हनले, पँटीचा रंग हाय त्यो, घाला पानी. तीन येळा घासलं. निगाला न्हाई. निळ्या पायाचाच गेला त्यो. आता तुषारच्या मांड्या निळ्या व्हायला लागल्यात. रातीला हातरुनाला लागतो. सकाळी वाकळ झाडताना मला दिसतो.

अजून एक. त्यो आंबीला कंपनीत जातो, ठेकेदाराकडं. सकाळच्या गाडीला वढा उतरून जावं लागतं. वरनं पानी सोडल्यावानी येतंय. ही पँट काढतो, गुंडाळतो, डोक्यावर धरतो अन् चड्डीवर वढ्यात उतरतो. एका हातानं दोर, एका हातानं पँट. पल्याड गेला की घालतो. का, तर पानी लावायचं न्हाई. मी काठावर हुबी ऱ्हाती. वराडत बी न्हाई, वराडलं तर त्यो मागं बगंल.

कंपनीची खाकी पँट हाय त्याची. ती घालून जा म्हनलं तर म्हनतो, खाडा पडंल. वरसात एक दिस बी खाडा नगं, दादानं पाडला न्हवता.

रुपे, शेट बंगळूरला जाऊ दे न्हाईतर काशीला. फोन हाय न्हवं त्याच्याकडं? इचार. भरलं म्हन. त्या एका शब्दावर माजं पोरगं अडकलंय.

मंगल


लोणावळा
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय आक्का,

सर परवा आले. मी धीर करून सगळं सांगितलं. दाजींचं, कावळ्याचं, तुषारचं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते आपल्याच भागातले आहेत ग, आंबीकडचे, शेतीवाल्यांच्या घरातले. जपानला जाऊन हे काम शिकून आले एवढंच. माणूस वाईट नाही.

पण 'भरलं' म्हणायला ते तयार नाहीत. ते म्हणाले, बापानं सुरू केलेलं वर्ष मुलगा पुरं करतो आहे, अशी पँट जगात दुसरीकडे कुठे नसेल. दोन माणसांच्या खुणा एका कापडावर. अर्धवट सोडायला लावू नका, त्याच्या भावनेचा मान ठेवा, म्हणाले. संक्रांतीनंतर ती विकायची नाही, काचेत लावायची आणि खाली दोघांची गोष्ट लिहायची असं त्यांच्या मनात आहे. तुषारचा फोटो काढायला माणूस पाठवणार आहेत. त्याला इथं कामावर घ्यायचं पण बोलले. आक्का, विचार कर. आंबीच्या ठेकेदारापेक्षा हे केव्हाही बरं. आपलं पोरगं ऊन-पावसातून सुटेल.

आणि हे ओढ्याचं काय नवीनच? तो पँट कशाला काढतो? भिजली तर काही होत नाही तिला. सर तर स्वतःची घालून समुद्रात उतरतात, अंगावरच वाळवतात. उलट रेघा चांगल्या उठतात म्हणतात. नुसती साबण-सोडा लावून, दगडावर आपटून धुवायची नाही, एवढंच. मी तुम्हाला तेव्हा सरसकट पाणीच लावू नका सांगितलं, कारण मला माहीत होतं, धुवायची नाही म्हटलं तरी तू एक दिवस वैतागून सोड्यात घालशील. तुझा स्वभाव मला माहीत नाही का! पण ओढ्याच्या पाण्यानं, पावसानं काही बिघडत नाही.

तेव्हा तुषारला सांग, खुशाल पँटीसकट उतर. दोन्ही हातांनी दोर धर. एवढ्यासाठी तू जीव टांगणीला लावून बसलीस होय? मला आधीच लिहायचंस.

रक्षाबंधन आलं. तुषारला छकुलीकडून राखी बांध, माझ्याकडून गोड खाऊ घाल.

तुझी
रुपाली


वरची वाडी
२२ ऑगस्ट

रुपे,

तुजी चिठ्ठी माऊलीनं काल दिली. मी दोनदा वाचली. मंग चूल इजवली अन् म्हशीपाशी जाऊन बसले.

आता मी जे लिवती ते दोघींनाच ठाऊक हाय, मला अन् माज्या जावंला, बायाला. तिनं माज्या गळ्याची आन घेतली व्हती.

त्या दिशी हे प्याले न्हवते. थेंब बी न्हाई. पल्याड गावात खताची गोनी बगाया गेलते. येताना वढा चढला व्हता. बाया ह्या काठावर गवताचा भारा घिऊन हुबी. तिनं हाक मारली, भावजी, थांबा, पानी उतरू द्या. हे हसले. पँट काढली, गुंडाळली, डाव्या हातात वर धरली, उजव्यानं दोर. चड्डीवर उतरले. रोजचंच व्हतं ते, आखाड लागल्यापास्नं रोज तसंच येत व्हते.

मधी आले तवा पानी छातीला लागलं. दोराला शेवाळ. पाय सुटला. तरी दोर धरून काठाच्या हातभर जवळ आले. बाया भुईवर पालथी पडली अन् हात पुढं केला. म्हनली, हात द्या. त्यांच्याकडं एक हात व्हता रुपे. डावा. त्यात पँट व्हती.

"आदी पँट धर," म्हनले.

बायानं धरली. जड कापड ते, तुला ठाऊक हाय किती जड. दोन्ही हातांनी धरून मागं टाकली. वळली तवर दोर रिकामा व्हता.

पँट कोरडी ऱ्हायली. बायानं ती पदराखाली झाकून आनली अन् खुंटीला लावली. मला म्हनली, आक्का, काय सांगू लोकांना? मी म्हनले, काय सांगू नगंस. दुसऱ्या दिशी खाली चड्डीवर घावले तवा लोकच म्हनाय लागले प्याला आसंल. मी गप बसले. पँटीपाय मेला म्हनन्यापरीस दारूपाय मेला म्हनलेलं बरं. दारूपाय समदीच मरत्यात, कोन हसत न्हाई.

पँटीसाठी जीव दिला म्हून मी त्यांना शिव्या घालत व्हते रोज. भांडी घासताना, गवत कापताना. पन मनात म्हनायचे, जाऊ दे, बोलीचा पक्का व्हता, पानी लावू नका म्हनलं तर लावलं न्हाई. शब्दासाठी गेला. येवढं तरी व्हतं माज्याकडं.

अन् तू लिवतीस, भिजली तर काय व्हत न्हाई. शेट समुद्रात उतरतो.

मला अजून काय लिवायचं न्हाई. तुषारला मी हे कसं सांगू, ते तू तुज्या सायबाला इचारून कळीव. त्याच्या डोळ्यात पानी येतंय म्हनलीस न्हवं.

मंगल


लोणावळा
३१ ऑगस्ट २०२४

आक्का,

चार वेळा लिहायला बसले आणि कागद फाडला.

मशीनवर बसते, पायडल दाबवत नाही. ते कापड हातात घेतलं की बोटं निळी होतात आणि तू लिहिलेलं आठवतं. एक दिवस शिवण वाकडी गेली म्हणून बोलणी खाल्ली. बरं वाटलं बोलणी खाऊन.

सरांना मी सांगितलं. सगळं, जसं तू लिहिलंस तसं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, पण मी तर पाण्याचं कधीच बोललो नव्हतो. मी म्हटलं, नाही, ते मी बोलले होते. मग ते उठून गेले. संध्याकाळी दाजींचा फोटो भिंतीवरून काढलेला होता. मी विचारलं नाही कुठे ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हा कागद दिला. बरोबर जोडला आहे. वर्ष पूर्ण झालं, पँट कधीही परत द्यावी, नाही दिली तरी चालेल, असं लिहून खाली सही केली आहे. तुला हवं होतं ते हेच. तुषारला दाखव. आता तरी तो सुटेल. तेवढ्यावर पाठव ग पोराला आंबीला, त्याच्या खाकी पँटीत.

ही गोष्ट बाहेर कुठे बोलू नका, असं सर म्हणाले. मी पण तेच म्हणते, पण माझं कारण वेगळं आहे. मला कामावरून काढलं तर मी कुठे जाऊ? नवऱ्याघरी मला जागा नाही, तुला ठाऊक आहे. आणि तुझ्या घरी कुठल्या तोंडाने येऊ?

तू मला शिव्या घाल. पण लिही.

रुपाली


वरची वाडी
२४ सप्टेंबर

रुपे,

तुजा कागद पोचून लय दिस झाले. लिवायचं व्हतं, पन आदी करायचं व्हतं ते केलं, मंग लिवती.

कागद मी तुषारला दाखवला. छकुलीनं मोठ्यानं वाचला. त्यानं आयकून घेतलं अन् म्हनला, शेट आताच कसा म्हनला भरलं? मला खोटं सुचंना. म्हनले, भिजली तरी चालत व्हती म्हनं. पानी लागलं तरी काय व्हत न्हाई म्हनं.

मला वाटलं त्याला काय म्हाईत न्हाई. पन बायानं त्याला तिसऱ्या दिशीच सांगितलं व्हतं. माजी आन घिऊन बी सांगितलं. इतके दिस पोरगं ते पोटात घिऊन माज्यासमोर जेवत व्हतं, अन् मी त्याच्यासमोर. दोघं बी एकमेकाला झाकत व्हतो.

"मंग दादा कशापाय मेला?" म्हनला.

मी चुलीत लाकूड सारलं.

कागद त्यानं पँटीच्या खिशात घातला. म्हनला, भिजवली तर दादा उगाच मेला व्हईल. मी तिला थेंब लागू देनार न्हाई. संक्रातीपतूर न्हाई, जल्मात न्हाई.

बग रुपे. मी म्हनत व्हते शेटनं शब्द दिला की पोरगं सुटंल. शेटनं दिला अन् ते अजून घट्ट अडकलं. पुढल्या दिशी वढ्याला लालभडक पानी. त्यो निगाला, पँट डोक्यावर. पल्याड जाताना दोनदा बुडाला. हात खाली आला न्हाई. डोकं बुडालं, पन त्यो हात वरच. मी काठावरनं त्यो एक हात बगत व्हते, पान्याच्या वर, निळी गुंडाळी धरलेला. ह्यांचा बी असाच दिसला आसंल बायाला.

त्या दिशी मी घरला आले ती ठरवूनच. कावळ्याशी मी बोलले व्हते. बोल माजा, फेड माजी. पोराच्या बापाचं वरीस पोरानं का भरावं, मी काय मेले न्हाई.

पुढल्या दिशी सुट्टी व्हती त्याला. न्हानीत गेला तवा पँट काढून दांडीवर टाकलीवती. मी साडी सोडली अन् ती चढवली. मांडीत चढंना. सादी जीन न्हवं ती, आता त्यांच्या पायाच्या आकाराची झालीया, मंग लेकाच्या. माज्यासाठी त्यात जागाच न्हवती. वढून वढून चढवली. बक्कल पुरंना, सुतळीनं बांधली. वरनं त्यांचाच सदरा. तशीच वाडीतनं निगाले. भर दिसा. म्हातारी धोंडाबाई वट्यावर बसलीवती, तिनं पदर त्वांडाला लावला. कोनतरी बोललं, मंगलला येड लागलं. बाया जागची हाललीच न्हाई. मंग म्हनली, आगं बाई, भावजीच आले जनू.

मी वढ्यात गेले अन् काठाजवळ दगडावर बसले. पानी कमरंच्या वर. गार. कापड आदी पानी घेतच न्हाई, बगत ऱ्हातं, अन् मंग येकदम पेतं. जड झाली. अन् निळं सुटाया लागलं. लय न्हाई, धुरावानी. जरा येळ माज्या भवती फिरलं अन् खाली गेलं.

तुषार पळत आला, पंच्यावर. काठावर थांबला. आईला म्हनू नये ते म्हनला. मी आयकून घेतलं. मंग रडाया लागला. म्हनला, "वाया घालवलंस. दादाला वाया घालवलंस."

मी म्हनले, "त्यो त्याच दिशी वाया गेला, तुषार. पँट न्हाई, त्यो. आता मला अजून एक घालवायचा न्हाई."

त्यो माज्याकडं पाठ करून बसला. मी बी उठले न्हाई. वाडीतली मानसं लांबनं बगत व्हती. लय येळानं पाठ करूनच म्हनला, किती बसनारंस? म्हनले, वरीस भरंपतूर.

आता ती मीच घालती. रोज. बेननीला, गुरामागं, शेनाला. भिजती, वाळती, पुन्ना भिजती. पैल्यांदा लोक हसले. आता गौरीचं आवतान द्यायला आली त्या बायकांनी बी पँटीकडं बगितलं न्हाई. तुज्या शेटला सांग, संक्रातीला मी सोता आनून देईन. गुडघे माजे असत्याल, फासा सुतळीचा आसंल, अन् शेन बी आसंल. काचेत लावायची आसंल तर लावू दे. पन खाली गोष्ट लिवायची आसंल तर आदी मला बलव म्हनावं. मी सांगीन तशी लिवायची. तसं जमत नसंल तर काचच नगं. भाईर कुठं बोलू नका म्हनला न्हवं, त्याला सांग, वाडीला समदं ठाऊक झालंय. मीच सांगितलं, वढ्यातनं भाईर येताना. दारूचं खोटं हाय, ते बी सांगितलं. ज्याला हसायचं त्यानं हसावं. ते आयकून कोन हसलं न्हाई.

तुज्यावर राग हाय. तो जाईल का न्हाई, मला ठाऊक न्हाई, मी खोटं लिवनार न्हाई. कुठल्या तोंडानं येऊ म्हनतीस. हाय त्याच तोंडानं ये, दुसरं कुटनं आननार? दिवाळीला ये. जेवायला घालीन. बोलनं झालं तर झालं.

तुषार माज्याशी बोलत न्हाई. ताट वाढलं की जेवतो, पानी लागलं की आपलं आपन घेतो. छकुलीकडनं सांगतो काय सांगायचं ते. बोलंल तवा बोलंल.

पन खाकी पँट घालून आंबीला जातो, भिजून. सकाळी वढ्यात उतरतो तवा मी मागनं बगती. दोन्ही हातांनी दोर धरतो.

मंगल